आडनाव बाजूला ठेवा, आधी जमीन शोधा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

जॉर्जियातल्या एका छोट्या काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हाच म्हणा) सार्वजनिक वाचनालयात, स्थानिक इतिहासाच्या खोलीत, मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. मागे त्या कामाबद्दल याच सदरात लिहिलं आणि पत्रं येऊ लागली. ती नुसत्या कुतूहलाची नव्हती. कुणाचे जावई तिथले, कुणाची सून तिथली, कुणी स्वतःच तिथल्या घरात नांदणारी. म्हणून या वेळचं सदर सगळं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांना आणि तिथल्या घराण्यांच्या शोधाला दिलं आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अटलांटाजवळ राहते. जावई आफ्रिकन-अमेरिकन आहेत, त्यांचं मूळ घर मध्य जॉर्जियातल्या एका ग्रामीण काउंटीत. नातीला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला आहे. आमच्या बाजूच्या सात पिढ्या भराभर लिहून झाल्या. जावयांच्या बाजूला १८७० पर्यंत पोहोचलो आणि तिथे सगळं संपलं. नात विचारते, ‘बाबांच्या बाजूची फांदी एवढीशीच का?’ तिला काय सांगू? – एक आजी, पुणे

उत्तर : आजी, तिला सांगा की ती फांदी झाकलेली आहे. कुणी झाकली आणि का, तेही तिच्या वयाला झेपेल तेवढं सांगा.

गुलामगिरीतून सुटलेली माणसं इतरांसारखी नावानिशी आली ती पहिल्यांदा १८७० च्या जनगणनेत. १८५० आणि १८६० मध्ये त्यांच्यासाठी वेगळे तक्ते होते. मालकाचं नाव, आणि त्याखाली ओळीनं वय, स्त्री की पुरुष, वर्ण. त्यांच्या नावासाठी रकानाच नव्हता. म्हणजे जावयांचे पूर्वज कागदावर आहेत, पण दुसऱ्याच्या मालमत्तेच्या कागदावर. म्हणून खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आले: आडनावामागे धावू नका, ते कुटुंब नेमकं कुठल्या जमिनीवर होतं ते शोधा. मुक्तीनंतर कुणी शेवटच्या मालकाचं आडनाव लावलं, कुणी त्याच्याही आधीच्या मालकाचं, कुणी स्वतःला पटलेलं. आडनाव सारखं म्हणजे मालक तोच, असं धरून चाललात तर पुढचं सगळं झाड भलत्याच घराचं होईल. जमीन मात्र जागची हलत नाही, आणि १८६५ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुष्कळ कुटुंबंही फार लांब गेली नव्हती.

आता १८७० चं ते पान पुन्हा काढा. गणना करणारा माणूस घरोघर ज्या क्रमानं फिरला त्याच क्रमानं ओळी आहेत. आधीची आणि नंतरची चार-चार पानं सावकाश वाचा. त्या वर्षी जमिनीची किंमत लिहायचा रकाना होता. आसपास कुठल्या गोऱ्या कुटुंबापुढे मोठा आकडा दिसतो ते टिपून ठेवा. पानाच्या माथ्यावर बहुधा मिलिशिया डिस्ट्रिक्टचा क्रमांक असेल. हा जॉर्जियाचा खास प्रकार. गावोगावच्या लष्करी तुकड्या उभ्या करण्यासाठी पाडलेले हे विभाग, पण पुढे कर, मतदान, जनगणना सगळं त्यांवरच चाललं. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. तुमच्या शोधाचं गाव तेच.

काउंटीच्या कराच्या वह्याही (टॅक्स डायजेस्ट म्हणतात त्यांना) याच क्रमांकांनी लावलेल्या आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या वह्यांत कृष्णवर्णीय करदात्यांची वेगळी यादी असते, आणि काही वर्षांच्या वह्यांत कोण कुणाकडे कामाला आहे तेही दिलेलं असतं. १८६७ मध्ये मतदारनोंदणी झाली तेव्हा या माणसांनी शपथेच्या वहीत पहिल्यांदा आपलं नाव घातलं. अनेकांनी सहीच्या जागी फुली केली आहे. जॉर्जियात १८२९ पासून गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता, हे नातीला त्या फुलीजवळ बोट ठेवून सांगा.

फ्रीडमेन्स ब्युरो हे मुक्त झालेल्यांच्या मदतीचं सरकारी खातं १८६५ ते १८७२ चाललं. त्याच्या दप्तरात मजुरीचे करार आहेत: जमीनमालक कोण, मजूर कोण, पिकात वाटा किती. मुक्त झालेल्यांसाठीच काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या अटलांटा, ऑगस्टा आणि सव्हाना या शाखांच्या वह्याही बघा. खातं उघडताना नवरा किंवा बायको, मुलं, आईवडील, भावंडं असं विचारून लिहून घेतलेलं आहे, काही ठिकाणी जुना मालक आणि त्याचा मळाही. विकली गेलेली भावंडंसुद्धा लोकांनी तिथे सांगितली आहेत. बँक १८७४ मध्ये बुडाली आणि गरिबांच्या घामाचा पैसा गेला. वह्या राहिल्या, आणि आज फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्या फुकट बघता येतात.

एवढ्यावरून जमीनमालक ठरला, की त्याच्या मृत्यूनंतरचे कागद काढायचे. जॉर्जियात ते पूर्वी कोर्ट ऑफ ऑर्डिनरीकडे असत, आता प्रोबेट कोर्टाकडे आहेत. मालक मेला की शेजारचे काही जण नेमून त्याच्या मालमत्तेची यादी आणि किंमत करवून घेत. तपकिरी पडलेली शाई, वळणदार तिरकं अक्षर. एका ओळीत खेचर आणि त्याची किंमत. पुढच्या ओळीत एका बाईचं नाव, नुसतं पहिलं, त्यापुढे ‘आणि तिचं मूल’, आणि उजव्या कडेला डॉलरचा आकडा. तिच्याखाली लोखंडी कढई. इतकी वर्षं ही पानं उलटली, तरी त्या ओळीवर माझा हात थांबतोच. पण आजी, त्या ओळीतली बाई तुमच्या नातीची असू शकते, म्हणून ते पान वाचायचं.

एखादं नाव जुळलं तर लगेच हुरळून जाऊ नका. १८७० च्या घरातली आई, तिची थोरली मुलं, त्यांची वयं आणि यादीतला गट, असं सगळं मिळून जुळायला हवं. या याद्यांत मुलं आईबरोबर लिहिलेली असतात, बापाचा उल्लेख क्वचित. आणि १८६० च्या तक्त्यातल्या नुसत्या वयावरून कुणाला आपलं म्हणू नका. त्या वयाची माणसं शेजारच्या प्रत्येक मळ्यावर होती.

शोध खुंटतो तो बहुतेक वेळा मालकाच्या बायकोपाशी. मुलीला लग्नात माणसं ‘दिली’ जात. ती तिच्याबरोबर दुसऱ्या काउंटीत, दुसऱ्या राज्यात जात, आणि त्यांची आई, भावंडं मागे राहत. म्हणून मालकाच्या मृत्युपत्रात काही मिळालं नाही तर त्याच्या सासऱ्याचं मृत्युपत्र काढा. १८७० मध्ये घरातल्या म्हाताऱ्यापुढे जन्मस्थान व्हर्जिनिया किंवा नॉर्थ कॅरोलायना लिहिलं असेल तर मालकाच्या आणि त्याच्या बायकोच्या घराण्याची मुळं तिथे आहेत का ते आधी तपासा. नसतील, तर त्या माणसाला बहुधा बाजारात विकत घेऊन दक्षिणेत आणलं होतं. तो धागा सापडायला वेळ लागतो, कधी सापडतही नाही.

पुरावा नसलेलं नाव झाडावर लिहू देऊ नका. पण ज्यांचं नाव मिळालं नाही त्यांच्यासाठीही चौकट काढायला सांगा. मिलिशिया डिस्ट्रिक्टचा क्रमांक, अंदाजे वय, बाई की पुरुष, एवढं त्यात येईल. शिक्षिकेनं विचारलं तर नातच समजावून सांगेल.

प्रश्न : माझे यजमान अलाबामातल्या गोऱ्या शेतकरी घरातले. मला त्यांच्या घराण्याचा इतिहास लिहून काढायचा आहे. सासरे म्हणतात, ‘काउंटीचं कोर्टहाउस जळालं, आपलं काही मिळायचं नाही, नाद सोड.’ सोडू का? – एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : मुळीच नाही. सासऱ्यांना आदरानं दोन प्रश्न विचारा: कधी जळालं, आणि त्यात नक्की काय गेलं? एकाच इमारतीत वेगवेगळी कार्यालयं असत. एकाचं दप्तर गेलं आणि दुसऱ्याचं लोकांनी खिडकीतून बाहेर काढलं, असंही घडलं आहे. आमच्या जॉर्जियात प्रत्येक आगीचं खापर यादवी युद्धात १८६४ मध्ये आलेल्या उत्तरेच्या सेनापती शर्मनच्या सैन्यावर फुटतं, त्याचं सैन्य फिरकलंही नाही अशा काउंट्यांतसुद्धा. शांततेच्या काळातही कोर्टहाउसं जळतच आली. हॅनकॉक काउंटीचं स्पार्टामधलं जुनं देखणं कोर्टहाउस तर २०१४ मध्ये जळालं.

खरेदीखताची वही जळाली तरी मूळ खत मालकाच्या पेटीत असायचं. आगीनंतर लोक ती खतं घेऊन येत आणि पुन्हा नोंदवून घेत. त्यामुळे नव्या वह्यांत कित्येक वर्षं जुने व्यवहार मध्येच भेटतात. अनुक्रमणिका बघताना आगीच्या आधीचं काही नसणार असं धरून पानं सोडू नका.

अलाबामात तुमचं एक नशीब आहे. तिथली जमीन मुळात केंद्र सरकारनं विकली, त्यामुळे पहिल्या मालकाचं पेटंट, म्हणजे सरकारनं दिलेलं मालकीपत्र, काउंटीवर अवलंबून नाही. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्राच्या जमीनखात्याच्या संकेतस्थळावर नाव टाका, दस्ताची प्रतिमा फुकट मिळते. (जॉर्जियात ही सोय नाही. तिथे राज्यानं स्वतःच जमीन वाटली, १८०५ ते १८३३ या काळात तर चक्क लॉटरी काढून.) अलाबामाची मोजणी चौकोनांची: एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा पाव हिस्सा १६० आणि त्या पावाचाही पाव ४०. जुने शेतकरी अजून जमिनीला ‘फॉर्टी’ म्हणतात. १८२० च्या कायद्यानंतर किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता, आणि १८३२ पासून ४० एकरांचा तुकडाही विकत घेता येऊ लागला, म्हणजे ५० डॉलर जमवणाऱ्या माणसाचा एक ‘फॉर्टी’ व्हायचा.

तुमच्या घराण्याचा चौकोन मिळाला की शेजारचे सगळे चौकोन कुणाचे होते ते काढून एका कागदावर आखा. हे काम मनापासून करा. पोरांची लग्नं खेचरावरून जाऊन-येऊन होईल एवढ्या अंतरात ठरत. ज्या आजीचं माहेरचं आडनाव सासऱ्यांना माहीत नाही, ती त्या शेजारच्या चौकोनांपैकी एखाद्यातली असण्याचा संभव फार मोठा. जमीन होमस्टेड कायद्याखाली, म्हणजे राहून आणि कसून दाखवल्यावर सरकारकडून, मिळवलेली असेल तर नॅशनल अर्काइव्ह्ज या केंद्र सरकारच्या अभिलेखागाराकडून पूर्ण फाइल मागवा. घर कसलं बांधलं, किती एकर लागवडीखाली आणले, कुटुंब केवढं, आणि साक्षीला कोण शेजारी आले, हे सगळं तिच्यात असतं.

जुन्या वर्तमानपत्रांतल्या कायदेशीर नोटिसाही वाचा. कुणाच्या मालमत्तेवर कोण कारभारी नेमला, कुणाची जमीन करापायी लिलावात निघाली, हे कोर्टाला छापावंच लागे, आणि वर्तमानपत्राची प्रत कोर्टहाउसबाहेर असे.

आणखी एक. घर जागेवर राहतं, काउंटी बदलते. जॉर्जियाची पीच काउंटी १९२४ मध्ये हाउस्टन आणि मेकन या काउंट्यांमधून निघाली, तेव्हा तिथल्या १९१० च्या लग्नाची नोंद पीचमध्ये शोधून मिळणार नाही. (ही काउंटी हाउस्टनच म्हणायची. टेक्सासातल्या शहरासारखा उच्चार केलात की तुम्ही बाहेरच्या, हे लगेच कळतं.) तुमच्या काउंटीची आई कोणती आणि तिचं कोर्टहाउस शाबूत आहे का, हे आजच बघून घ्या. तिथे आग लागलेली नसेल तर अर्धं काम झालं.

प्रश्न : सून साउथ कॅरोलायनाची. तिच्या पणजोबांचं जन्मवर्ष प्रत्येक कागदावर वेगळं आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत पिढ्यान् पिढ्यांची नावं मिळतात. तिथल्या चर्चमध्ये जन्माची तशी काही वही नसते का? – एक सासूबाई, नाशिक

उत्तर : दक्षिणेतल्या खेड्यांत बहुसंख्य बॅप्टिस्ट. ते तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, जाणत्या वयात करतात. त्यामुळे जन्माची वही नाही. मात्र चर्चच्या सभांची इतिवृत्तं असतात आणि ती अनमोल आहेत. सभासद गाव सोडताना चर्चकडून पत्र घेऊन जायचा आणि नव्या गावी ते दाखवून दाखल व्हायचा. ‘पत्र घेऊन आले’, ‘पत्र देऊन निरोप दिला’ अशा नोंदींवरून कुटुंब कधी हललं ते कळतं. युद्धाआधीच्या इतिवृत्तांत गुलामगिरीतले सभासदही आहेत, पुष्कळदा मालकाच्या नावासकट.

जन्म-मृत्यूची राज्यभर सक्तीची नोंद साउथ कॅरोलायनात १९१५ मध्ये सुरू झाली, जॉर्जियात १९१९ मध्ये. साउथ कॅरोलायनात लग्नाचा परवानासुद्धा १९११ पासूनच. त्याआधीचं जन्मवर्ष म्हणजे कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं वर्ष. तेव्हा सगळ्यांत जुना कागद जास्त विश्वासाचा. पणजोबा लहान असतानाची जनगणना धरा: चार वर्षांचं पोर कुणी दहाचं म्हणून लिहीत नाही, साठीचा माणूस मात्र सहज सत्तरीचा होतो. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि साल दोन्ही विचारलं होतं, ते पान चुकवू नका. त्याच पानावर प्रत्येक आईपुढे दोन आकडे आहेत: किती मुलं झाली आणि किती हयात आहेत. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे कुठेही न नोंदलेली लेकरं. सुनेला ते आधी सांगून ठेवा, एकदम समोर आलं की मन हलतं.

पणजोबा तेव्हा वयात आले असतील तर १९१७-१८ च्या सैन्यभरतीच्या कार्डावर त्यांनी स्वतः सांगितलेली जन्मतारीख मिळेल. जून १९१७ च्या कार्डाचा खालचा डावा कोपरा फाडलेला दिसला तर ते काळानं फाटलेलं समजू नका. माणूस आफ्रिकन वंशाचा असेल तर कोपरा फाडा, अशी सूचनाच त्यावर छापलेली होती.

मग सोशल सिक्युरिटीचा (म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा) मूळ अर्ज मागवा. अर्जदारानं आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं नाव धरून, स्वतः दिलेली असतात. १९३५ च्या कायद्यानं शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायकांना वगळलं होतं, म्हणजे दक्षिणेतली बहुतेक कृष्णवर्णीय कष्टकरी माणसं बाहेरच. त्यांना १९५० च्या दशकात आत घेतलं. तेव्हा वयाचा पुरावा हवा म्हणून पुष्कळांनी उशिराचा जन्मदाखला काढला, आणि त्यासाठी घरच्या बायबलातलं पान, शाळेची नोंद किंवा सुईणीची साक्ष दिली. तो दाखला एका ओळीचा असला तरी त्यामागे कोणते पुरावे दिले ते त्यावर लिहिलेलं असतं. वाचायचं ते तेच.

प्रश्न : माझ्या सासूबाई टेनेसीच्या सीमेजवळच्या, जॉर्जियाच्या डोंगराळ भागातल्या. त्यांच्या घरी पक्कं मानतात की पणजी चेरोकी राजकन्या होती. डीएनए चाचणीत काही आलं नाही. सांगू का त्यांना? – एक सून, डॅलस

उत्तर : चेरोकी ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात, तिच्यात राजकन्या नव्हत्या, इथून सुरुवात करा, पण प्रेमानं. ही कथा दक्षिणेतल्या असंख्य घरांत आहे, आणि तुमच्या सासूबाईंनी ती रचलेली नाही, त्यांच्या आईनं सांगितली आहे.

कागदावर तपासायची उत्तम जागा म्हणजे सरकारनं नेमलेल्या गियन मिलर यांनी १९०६ ते १९०९ या काळात केलेली चौकशी. पूर्वेकडच्या चेरोकींना सरकारकडून पैसे मिळणार होते, म्हणून हजारो कुटुंबांनी अर्ज केले, त्यांत जॉर्जिया आणि अलाबामातले पुष्कळ. बरेचसे फेटाळले गेले, तरी अर्जात आजी-आजोबा, काका, मावश्या, जन्मगावं असं सगळं लिहिलेलं आहे. दावा खोटा ठरला तरी वंशावळ खरी मिळू शकते. घराण्यातल्या कुणी अर्ज केला होता का, ते बघा.

चाचणीनं ठरवायचा हा प्रश्न नाही. या जमातीची सरकारं सभासदांच्या जुन्या अधिकृत याद्या (रोल) बघतात: चेरोकी नेशन नागरिकत्वासाठी डॉझ रोलवरचा पूर्वज मागतं, नॉर्थ कॅरोलायनातला ईस्टर्न बँड १९२४ चा बेकर रोल बघतो. वंशाचे टक्के सांगणारी अशी डीएनए चाचणी दोघंही ग्राह्य धरत नाहीत.

एक नाजूक गोष्ट सांगते. वर्णाच्या कायद्यांनी माणसाची जागा ठरत होती त्या काळात, घरातल्या सावळ्या आजीचं कारण म्हणून ‘चेरोकी’ सांगणं सुरक्षित होतं. चाचणीत आफ्रिकन अंश दिसला असेल तर त्या आजीला आता तिचं खरं घर शोधून द्यायचं काम तुमच्याकडे आलं आहे, आणि ते अतिशय मोलाचं आहे. दिसला नसेल तर सासूबाईंना एवढंच विचारा की ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा कुणी सांगितली. त्या उत्तरातून बहुधा दुसरीच, खरी माहिती निघते.

प्रश्न : सुनेचे आजोबा १९४० च्या दशकात मिसिसिपीहून शिकागोला गेले. डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा, सून आणि मी तीन दिवस त्यांच्या जुन्या काउंटीत जाणार आहोत. काय बघू, कुणाला भेटू? आजोबा म्हणायचे, आमची माणसं ‘झाडीतल्या स्मशानात’ आहेत. – एक निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : गुरुजी, ऑनलाइन मिळण्यासारखं आहे ते निघण्याआधी घरीच बघून घ्या. तीन दिवस, जे फक्त तिथेच मिळेल त्यासाठी ठेवा.

मिसिसिपीत खरेदीखतं आणि मृत्युपत्रं चॅन्सरी क्लार्ककडे, लग्नाची दप्तरं सर्किट क्लार्ककडे. काही काउंट्यांना दोन कोर्टहाउसं आहेत. पनोलाचं एक सार्डिसला, दुसरं बेट्सव्हिलला. तुमचं गाव कुठल्या बाजूला येतं ते फोनवर विचारा, जेवणाची सुट्टी कधी असते तेही विचारा, आणि नाताळच्या आसपास कार्यालय उघडं आहे का हे तर आधी. क्लार्कला घराण्याची सगळी कथा सांगू नका, त्यांच्यामागे वकिलांची रांग असते. ‘जमीन देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अनुक्रमणिका कुठे आहे?’ एवढं विचारलं की त्या खोलीत नेऊन सोडतील. वह्या अवजड, लोखंडी फळ्यांवर आडव्या ठेवलेल्या. वरून ओढू नका, दोन्ही हातांनी सरकवून उतरत्या टेबलावर घ्या. लग्नाच्या वह्यांच्या कण्यावर ‘व्हाइट’ किंवा ‘कलर्ड’ लिहिलेलं दिसेल. दोन्ही बघा, कारण नोंद भलत्या वहीत गेल्याचंही सापडतं.

जॅक्सनच्या राज्य अभिलेखागारात शाळेच्या वयाच्या मुलांच्या याद्या आहेत, पालकांच्या नावासकट. दोन जनगणनांच्या मधली दहा वर्षं त्या भरून काढतात.

पण तुमचा सगळ्यात मोलाचा दिवस रविवार. आजोबांच्या चर्चमध्ये जा. कुणीतरी सुनेला विचारेलच, ‘तुमची माणसं कोण?’ तिनं आजोबांचं नाव, त्यांच्या आईचं नाव आणि घराजवळचा ओढा किंवा रस्ता सांगावा. मग पुढचं बोलणं त्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांवर सोडा. अंत्यविधीच्या छापील पत्रिका कुणी जपून ठेवल्यात का ते विचारा. कृष्णवर्णीय घरांत त्या बायबलात किंवा बुटांच्या खोक्यात साठवलेल्या असतात. एकेका पत्रिकेवर जन्मगाव, आईवडील, भावंडं, कोण डेट्रॉइटला गेलं, कोण शिकागोला, सगळं असतं. गावातल्या अंत्यविधी करणाऱ्या जुन्या घराण्याकडेही नोंदी मिळतात.

जमिनीबद्दल मात्र जपून विचारा. पुष्कळ घरांत आजोबांच्या नावची जमीन मृत्युपत्राशिवाय सगळ्या वारसांत एकत्र चालत आली आहे. दूरच्या एखाद्या वारसाचा हिस्सा बाहेरच्यानं विकत घेऊन कोर्टाकडून सबंध जमीन लिलावात काढायची, अशा रीतीनं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची फार जमीन गेली. शिकागोहून आलेली नात खरेदीखतं विचारते म्हटल्यावर घरचे गप्प होतील. तिनं पहिल्याच भेटीत सांगावं की ती नावं शोधायला आली आहे, हिस्सा मागायला नाही.

झाडीतल्या स्मशानासाठी डिसेंबर उत्तम. पानं झडलेली असतात, साप आणि गोचिड्या कमी. जुने लोक थडग्यांवर विंका लावायचे. तो वेल हिवाळ्यातही हिरवा राहतो, त्यामुळे उघड्या झाडीत मध्येच हिरवी गडद चादर दिसली, जवळ जुना सिडार दिसला, की थांबा. तिथे जमीन लांबट, खोलगट बसलेली दिसेल, पूर्व-पश्चिम. नाव कोरलेला दगड नसेल, पण डोक्याशी आणि पायाशी साधे शेतातले धोंडे उभे केलेले असतील. ते जागचे हलवू नका. सिमेंट ओतून ओलेपणी खिळ्यानं नाव लिहिलेल्या घरगुती शिळाही भेटतात. त्यांवर खडू, शेव्हिंग क्रीम, ब्लीच, तारेचा ब्रश यांतलं काहीही लावायचं नाही. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, अक्षरं आपोआप उठून दिसतात. प्रत्येक थडग्याची जागा फोनमध्ये नोंदवा आणि कोण कुणाशेजारी आहे त्याचा आराखडा काढा, कारण नाव नसलेल्या धोंड्याखाली कोण आहे ते शेजारच्या शिळांवरून ठरवता येतं.

जमीन आता दुसऱ्याची असेल. कायद्यानं वारसांना जायला मिळत असलं तरी आधी मालकाच्या दारात जाऊन विचारा. बहुतेक जण स्वतः वाट दाखवायला येतात. आणि तो हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. तिघांनीही भडक नारंगी जाकिटं घातल्याशिवाय झाडीत पाऊल टाकू नका.